हजेरी घेणारी बाई

४ जून, वलवण

ही वही मराठीत लिहिते. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या इंग्रजी वह्या सिस्टर बर्नडेट उघडून वाचत असत. मराठी त्यांना वाचता येत नसे. सिस्टर जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण सवय राहिली. मनातलं मराठीत, बाकीचं इंग्रजीत.

गेल्या आठवड्यात मला निवृत्त करण्यात आलं. मी झाले नाही, करण्यात आलं. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून उभं आयुष्य काढलं. रोज संध्याकाळी दिवे लागले की व्हरांड्यात उभं राहून नावं घ्यायची, कागद न बघता, आणि प्रत्येक ‘हजर मॅडम’ कानाने तपासायचं. आवाज घोगरा असला तर ताप, बारीक असला तर घरची आठवण, फारच गोड असला तर पेटीत काहीतरी लपवलेलं. आता फाटकावर अंगठ्याचं यंत्र बसवलंय. मुलीने अंगठा टेकवला की ते टुं करतं. नव्या विश्वस्तांनी निरोपाच्या भाषणात सांगितलं, तंत्रज्ञानामुळे तांबोळी मॅडमना आता आराम मिळेल. शाल दिली, नारळ दिला आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्या बाईला आता कुठेच वेळेवर जायचं नाही, तिला घड्याळ.

अजीम आला होता. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. आपा गेल्यावर माझ्याच हाताखाली वाढला, आता तळेगावच्या एमआयडीसीत इंजिनिअर आहे. तळेगावलाच ज्येष्ठ नागरिकांसाठी एक निवास निघालाय, तिथे त्याने माझ्यासाठी खोली बघून ठेवलीय. न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, उशाशी घंटा आहे, असं तो एखाद्या राजवाड्याचं वर्णन करावं तसं सांगत होता. मार्चमध्ये मी न्हाणीघरात घसरले तेव्हापासून त्याला वाटतं मी काचेची आहे. त्या संध्याकाळी मी फोन उचलला नाही, एवढ्यावरून हा तळेगावहून गाडी दामटत आला आणि दाराची कडी उचकटून आत शिरला. हाड मोडलं नव्हतं. फक्त उठता येत नव्हतं. कडी मात्र अजून वाकडी आहे आणि दार नीट लागत नाही. एक फोन नाही उचलला तर लोक दारं तोडतात का?

तेव्हापासून रोज संध्याकाळी याचा फोन. “खाला, जेवलीस?” जेवले म्हटलं की ठेवतो. बोलायला दुसरं काही नसतंच.

मी त्याला सांगितलं, मी काम शोधणार आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मिळालं नाही तर मुकाट्याने तळेगावला येईन. तो म्हणाला, वचन? मी म्हटलं, वचन. लोणावळ्यातल्या सगळ्या वसतिगृहांना अंगठ्याची यंत्रं लागलीत, हे त्याला ठाऊक आहे. पण मी लोणावळ्यात शोधणार आहे असं कुठे म्हटलं?

११ जून

सिस्टर बर्नडेट आयर्लंडच्या. शिवणाच्या तासाला त्या आम्हाला त्यांच्याकडच्या यूथ हॉस्टेलांबद्दल सांगत. डोंगरातून पायी हिंडणारी तरुण मुलं तिथे मुक्कामाला उतरत. तिथे एक वॉर्डन असे. दार कधी लागणार, ओले बूट कुठे ठेवायचे, सकाळी स्वयंपाकघर कोण झाडणार, सगळं वॉर्डन ठरवी आणि कोणी हूं की चूं करत नसे. मी तेव्हाच ठरवलं होतं की मोठी झाल्यावर वॉर्डन व्हायचं. झाले. फक्त देश चुकला.

आज आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणच्या हॉस्टेलांना अर्ज पाठवले. ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’ अशी सुरुवात. मुलींची शिस्त, मेसची व्यवस्था, खरूज व उवांचा बंदोबस्त, सगळा अनुभव लिहिला. मुख्याध्यापिकांची प्रशस्तिपत्रं जोडली. माझं इंग्रजी त्या लोकांच्या इंग्रजीपेक्षा बरंच असेल. जूनअखेर बोलावणं यायला हरकत नाही.

२३ जून

उत्तरं आली.

स्कॉटलंडहून कुणा फियोनाचं. आडनाव नाही. ‘हाय ताज’ अशी सुरुवात, ताजुन्निसाचं सरळ ताज. ना ओळख ना पाळख. माझ्या आईनेसुद्धा मला कधी ताज म्हटलं नाही. ती लिहिते, वॉर्डन हे पद त्यांच्याकडे आता राहिलेलं नाही, आता ‘टीम’ असते. दार रात्रभर उघडं, म्हणजे कुलपाचा आकडा ज्याच्या त्याच्या फोनवर. आणि एकाच खोलीत मुलगे-मुली. माझा खरूज-उवांचा परिच्छेद तिला फार आवडला म्हणे. तिने तो सगळ्या टीमला वाचून दाखवला.

ऑस्ट्रेलियाने आणि ब्रिटनने वयावर बोट ठेवलं. हिंडता हिंडता काम करायचा जो परवाना भारतीयांना मिळतो तो तिशीपर्यंतच. तिशीच्या आतल्या पोरांना धड चादर ओढता येत नाही, आणि हॉस्टेल चालवायला तीच पाहिजेत.

एक वेगळाच प्रकारही कळला. कित्येक हॉस्टेलं पगार देतच नाहीत. तुम्ही चादरी बदला, संडास घासा, आम्ही झोपायला पलंग देतो. याला तिकडे अनुभव म्हणतात. आमच्याकडे याला फुकट राबवणं म्हणतात. तरीही चौकशी केली, कारण माहिती अर्धी ठेवायची नाही हा माझा नियम. सहलीच्या व्हिसावर गेलात तर पलंगाच्या बदल्यातली चादरसुद्धा तिथल्या कायद्यात काम धरली जाते आणि पकडलं तर परत पाठवतात. एवढी महत्त्वाची गोष्ट जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

अजीमने फोनवर विचारलं, काही आलं का? मी म्हटलं, पत्रव्यवहार चालू आहे. खोटं नाही ते.

२ जुलै

भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आज आमच्या वळणापर्यंत आली होती, त्यामुळे कोमल चिखलातून चालत आली. कोमल माझ्या वसतिगृहातली जुनी मुलगी. तेव्हा ती खिडकीतून चिंचा काढायची. आता तिचं लग्न झालंय आणि तिकोणा पेठेत ती आणि तिचा नवरा कैलास किल्ल्यावर येणाऱ्यांसाठी राहायची सोय चालवतात. एक लांबलचक खोली, दुमजली लोखंडी पलंग, अंगणात थोडे तंबू, आणि सासूच्या हातचं जेवण.

तिने माझे अर्ज वाचले. मधेच तोंडावर ओढणी धरली, तिला खोकला झाला असावा. मग म्हणाली, “मॅडम, हे सगळं शाळेच्या मुलींचं झालं. तिकडे येतात ते वाटसरू. आज आले, उद्या गेले. त्यांचा अनुभव दाखवायला पाहिजे.”

मी विचारलं, तो कुठे मिळतो?

“आमच्याकडे या की. पावसाळाभर राहा.”

मी तिला स्पष्ट केलं की मी उपकार म्हणून येत नाहीये, प्रशिक्षण म्हणून येतेय. ती हो म्हणाली.

१२ जुलै, तिकोणा पेठ

जागा चांगली आहे. मागे किल्ला ढगात, पुढे पवनेचं पाणी. कोमलच्या सासूबाई, सरुबाई, चुलीवर भाकऱ्या थापतात आणि पाहुण्यांकडे बघून न बघितल्यासारखं करतात. कैलास सकाळपासून फोनवर लोकांना रस्ता सांगत असतो.

व्यवस्था मात्र शून्य. कोण आलं, कोण गेलं, कोण कुठल्या पलंगावर, काही पत्ता नाही. मी विचारलं तर कैलास म्हणाला, पैसं आधीच घेतल्यालं असत्यात, मॅडम. जणू माणसाबद्दल तेवढंच कळायला हवं.

पहिल्या दिवशी ओले बूट पडवीत ओळीने लावले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे लागल्यावर सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि नावं घेतली. दिवसभरात चहा देता देता विचारून ठेवली होती. पुण्याची, ठाण्याची, पिंपरीची पोरं. चांगल्या नोकऱ्या करणारी. आधी हसली. एकाने शाळकरी पोरासारखा हात वर केला. एक मुलगी “प्रेझेंट मिस” म्हणाली आणि मग तिचा चेहरा असा काही झाला की जेवताना मी तिला दुसऱ्यांदा भाकरी घे म्हटलं.

कैलास दारात उभा राहून बघत होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. व्यवस्था प्रथमच बघितली की लोकांचं असं होतं.

२० जुलै

कैलासने शेवटी तोंड उघडलं. “मॅडम, पावनं हितं मोकळं व्हायला येत्यात. तुमी त्यांना लायनीत उभं करताय. उद्या कोन येनार न्हाई.”

मी म्हटलं, “कैलास, मोकळं झालेल्या माणसाला जेवायला कधी बोलवायचं हे तरी कळायला नको?”

तो कोमलकडे बघत राहिला आणि कोमल परातीकडे. आतून सरुबाईंचा आवाज आला. “बाई शेरडं मोजल्यावानी मान्सं मोजतीया. रातीला मोजलं न्हाई तर कर्डू चुकल्यालं सकाळच्यालाच कळतं.” मला शेरडं राखणारी म्हणणारी ही पहिलीच बाई. वयाचा मान राखून मी उत्तर दिलं नाही.

आज मोठी गोष्ट सापडली. नेपाळ. भारतीय माणसाला तिथे राहायला व्हिसा नको, कामाला परवाना नको, वयाची अट नको. हॉस्टेलं ढिगाने आहेत, डोंगरात चालणारे जगभरचे लोक तिथे उतरतात. हे मला आधी का सुचलं नाही? कारण सिस्टर बर्नडेट नेपाळच्या नव्हत्या.

फोनवर अजीमला सांगितलं. तो म्हणाला, “नेपाळ काय परदेश आहे का, खाला? तिथं लोक हनिमूनला जातात.” मी म्हटलं, तिथलं घड्याळसुद्धा आपल्या पुढे आहे, पाव तासाने का होईना. परदेश ठरवायला आणखी काय लागतं? तो हसला आणि विचारलं, जेवलीस?

पोखऱ्याच्या हॉस्टेलांना अर्ज गेले. वाटसरूंचा अनुभव म्हणून कैलासच्या जागेचं नाव दिलं. तिथे राहिलेल्या लोकांची मतं इंटरनेटवर वाचता येतील, असंही लिहिलं. उवांचा परिच्छेद गाळला.

३ ऑगस्ट

हात दुखतोय, तरी लिहिते.

काल सत्यम नावाचा मुलगा उतरला होता. वाकडला राहतो, एकटाच आला. चहा घेताना नाव विचारलं तर नुसतं सत्यम म्हणाला. मी म्हटलं, आडनाव घरी ठेवून आलास का? मग आडनाव सांगितलं. जेवला कमी. कानात ते गाण्याचं यंत्र.

आज दुपारी सगळे किल्ल्यावर गेले आणि पाच-साडेपाचला भिजून परत आले. दिवे लागले, मी अंगणात नावं घेतली. सत्यमच्या नावाला उत्तर नाही. पुन्हा घेतलं. कोणी म्हणालं, टपरीवर असेल. कोणी म्हणालं, रेंज शोधायला तळ्याकडे गेला असेल. कैलास म्हणाला, ह्यो एकलकोंडा हाय मॅडम, यील. त्याची पिशवी पलंगावरच होती, म्हणून सगळे निर्धास्त. मला पिशवीशी काय करायचंय? पिशवी हजर म्हणत नाही.

मी सांगितलं, तो सापडेपर्यंत ताटं वाढली जाणार नाहीत.

ठाण्याहून आलेली मंडळी भडकली. आम्ही पैसे दिलेत, म्हणाली. कैलासचा चेहरा लाल झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की कदाचित मी चुकत असेन, मुलगा खरंच टपरीवर भजी खात असेल आणि हे सगळे उद्या मला हसतील. तरीही मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले. सरुबाईंनी तवा चुलीवरून उतरवला आणि कैलासला एवढंच म्हणाल्या, “केरबाला घे संगं. पायऱ्यांकडनं जा.”

कैलास आणि शेजारचा केरबा बॅटऱ्या घेऊन गेले. आम्ही अंगणातून त्यांचे उजेड धुक्यात वर चढताना बघत होतो. एका जागी ते थांबले. बराच वेळ हलेनात.

किल्ल्याच्या उभ्या पायऱ्यांवरून तो घसरला होता. खालच्या कारवीच्या झुडपांत अडकला, पाय मोडलेला, फोन पाण्यात गेलेला. हाका मारून मारून आवाज बसला होता. केरबाने त्याला पाठीवर आणलं. मी पाय फळीला बांधला, बांधता बांधता चांगली झापली. एकटं वर थांबायचं कारण काय, कुणाला सांगून जायला काय होतं, बूट की सपाता घातल्यात. तो सगळं ऐकत राहिला. थंडीने दात वाजत होते. शेवटी म्हणाला, “तुम्हाला कसं कळलं?”

मी म्हटलं, “कळायचं काय त्यात? तू हजर म्हणाला नाहीस.”

तो एकदम रडायलाच लागला. पाय दुखत असणार. कामशेतच्या डॉक्टरकडे कैलास घेऊन गेला.

या गडबडीत अजीमचा फोन दोनदा वाजून गेला होता. उचलला तेव्हा हा गाडीत बसलेला, निघालाच होता इकडे यायला. मी रागावले. म्हटलं, इथे माणूस हरवलेलं असताना तुझं जेवलीस का काय घेऊन बसलास. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरं. आता जेव.”

१४ ऑगस्ट

माझा घात झाला.

त्या सत्यमने कैलासच्या जागेबद्दल इंटरनेटवर मत लिहिलंय. मी ते जसंच्या तसं मराठीत उतरवते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की मी वाढवून सांगितलं:

‘कोणाचं लक्ष नसलेली जागा हवी असेल तर इथे येऊ नका. इथे एक वयस्कर बाई आहेत. संध्याकाळी सगळ्यांना अंगणात उभं करतात आणि नावं घेतात, आडनावासकट. बकऱ्यांसारखं मोजतात. तुम्ही उत्तर दिलं नाही तर सगळ्यांचं जेवण थांबतं आणि माणसं डोंगरावर पाठवली जातात. मी एकटं राहायला आलो होतो. राहता आलं नाही.’

हाताने फळी बांधली त्या पोराची. बकऱ्या म्हणे. सरुबाईंकडूनच उचललेलं दिसतंय. वर पाच चांदण्या दिल्यात, त्या चुकून दाबल्या गेल्या असणार. पाय मोडलेल्या माणसाचा हात थरथरतो.

मी कैलासला म्हटलं, हे ताबडतोब काढून टाक. तो म्हणाला ते आपल्याला काढता येत न्हाई, आणि त्याला हसू आवरत नव्हतं. हल्ली फोनवर लोक विचारतात म्हणे, ती हजेरीवाली बाई आहे का? बघा, बदनामी कुठवर गेली. तरी कैलास मला इथून जा म्हणत नाही. भिडस्त आहे.

आणि नेमकं याच जागेचं नाव मी पोखऱ्याच्या प्रत्येक अर्जात दिलंय.

२ सप्टेंबर, वलवण

पोखऱ्याहून दोन नकार. बाकीचे गप्प. ते गप्प का, मला माहीत आहे.

अजीमने सुट्टी काढून तळेगावची जागा दाखवली. स्वच्छ आहे, हे मान्य करते. न्हाणीघरातले दांडे मजबूत होते. मी धरून बघितले, तो बघत नसताना. जेवणघरात बायका शांतपणे दूरदर्शनसमोर बसल्या होत्या. फाटकावर अंगठ्याचं यंत्र होतं. व्यवस्थापक म्हणाला, इथे अंगठा ठेवा, मॅडम, पाहुण्यांचीही नोंद असते. मी ठेवला नाही. मी म्हटलं, माझं नाव ताजुन्निसा तांबोळी, लिहून घ्या. त्याच्याकडे पेन नव्हतं.

परतताना गाडीत अजीम म्हणाला, “तुला आवडलं नाही.”

मी म्हटलं, वचन दिलंय तर पाळीन. सुट्टी अजून लागलेली नाही. घरी आल्यावर दार लावायला गेले आणि त्या वाकड्या कडीशी बराच वेळ झगडले. खरं सांगायचं तर आज मला जरा भीती वाटली. तळेगावची नाही. तिथे गेल्यावर माझं कान देऊन ऐकायचं काम संपेल याची. कुणाच्या आवाजात ताप आहे आणि कुणाच्या आवाजात घरची आठवण, हे कळून मग उपयोग काय?

उद्या कोमलकडे परत जाते. तिला आठवडाअखेरीला माणूस कमी पडतं, असं ती म्हणाली.

१९ सप्टेंबर, तिकोणा पेठ

पोखऱ्याच्या एका हॉस्टेलच्या मालकीणबाईंचा व्हिडिओ फोन आला. यममाया गुरुङ नाव. माझ्याहून थोड्या लहान असतील, केस मागे घट्ट बांधलेले, बोलणं हिंदीत. मी प्रशस्तिपत्रांची फाईल मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी ती मागितलीच नाही. पहिलाच प्रश्न: “तो बकऱ्यांचा मजकूर तुमच्याबद्दलच आहे का?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, हो, माझ्याबद्दलच आहे, आणि तुम्हाला माफी हवी असेल तर मिळणार नाही.

“रोज घेता हजेरी?”

“रोज.”

“एखादा म्हणाला, मी पैसे दिलेत, तुला काय करायचंय?”

“तर म्हणते, पैसे पलंगाचे दिलेस. हजेरी फुकट आहे.”

“नावं परदेशी असतील. जीभ वळणार नाही.”

“आयरिश बायकांच्या हाताखाली शिकलेय मी. जीभ वळते. नाही वळली तर त्याच्याकडून वळवून घेईन.”

फोन अडकला असं मला वाटलं. मग म्हणाल्या की गेल्या वसंतात त्यांच्याकडे एक मुलगी उतरली होती, एकटीच. मोठी पिशवी पलंगाखाली ठेवून डोंगरात गेली. सगळ्यांना वाटलं, आज येईल, उद्या येईल. त्यांच्या माणसांना वाटलं, पिशवी आहे म्हणजे ती इथेच कुठेतरी आहे. पिशवी कित्येक दिवस तशीच होती. पुढचं त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

हाताशी आलेल्या फडक्याने त्यांनी डोळे पुसले आणि पगार, खोली, जेवण सगळं व्यवहाराने सांगितलं. दसरा झाला की गर्दीचा हंगाम, त्याआधी यायचं. नोकरी, पलंगाच्या बदल्यातलं नाही.

माझं हिंदी फार शुद्ध आहे, त्याची छाप पडली असावी. शिवाय एकूण बाणेदारपणाची. ती बकऱ्यांची बदनामी असूनही नोकरी मिळाली, हे विशेष. कोमलला सांगितलं तर ती पुन्हा ओढणीत खोकली. सरुबाईंनी माझ्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाल्या, “जावा. तिकडली बी शेरडं मोजा.” या वेळी मला राग आला नाही. का ते कळलं नाही.

२७ सप्टेंबर, वलवण

अजीमला समोर बसवून सांगितलं. दिवाळीच्या आत काम मिळालं, परदेशात मिळालं, पगाराचं मिळालं. मी जिंकले.

तो वाद घालेल म्हणून मी मुद्दे काढून ठेवले होते. त्याने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “न्हाणीघरात धरायला काही आहे का तिथं?” मी म्हटलं, त्यांना बसवायला सांगेन.

“आणि फोन लागतो ना?”

मी म्हटलं, पोखरा म्हणजे चंद्र नव्हे. आणि फोन लागतो म्हणून रोजच करायला पाहिजे असं नाही. माणसाला मोजायचं तरी किती?

तो उठला. गाडीतून हत्यारांची पेटी आणली आणि दाराची ती वाकडी कडी काढून नवीन बसवली. मी निघून चालले असताना कडी कशाला, मी विचारलं. म्हणाला, “परत येशील तेव्हा लागेल.” दोनदा उघडून-लावून बघितली. आपाचे हात असेच होते, काम संपलं तरी चाचपत राहणारे.

माझा विमानाला विरोध नाही, पण रेल्वेनेच जाते. पुण्याहून गोरखपूर, तिथून सोनौलीची हद्द, पुढे बस. हद्द पायी ओलांडायची असं ठरवलंय. विमानात हद्द दिसत नाही.

१६ ऑक्टोबर, पोखरा

न्हाणीघरात दांडे आहेत. मी यायच्या आधीच यममायाबाईंनी बसवून घेतले. मी काही बोलले नव्हते. विचारल्यावर म्हणाल्या, तुमच्या भाच्याचा फोन आला होता. अजीमशी याबद्दल बोलणार आहे.

इथे अंगण आहे, अंगणात पेरूचं झाड आहे आणि झाडामागे, ढग नसले की, पांढरा डोंगर. त्याच्याकडे फार बघत नाही. माझं काम अंगणात आहे. पहिल्या दिवशी इथली पोरं हसली, तिकोणा पेठेसारखीच. दुसऱ्या दिवशी कमी. आता दिवे लागले की आपोआप गोळा होतात. ओले बूट ओळीने.

नावं आज अशी होती की सिस्टर बर्नडेटसुद्धा अडखळल्या असत्या. एका डॅनिश मुलाचं नाव मी तीनदा चुकवलं, चौथ्यांदा त्याने टाळ्या वाजवल्या. उत्तर काय द्यायचं ते मी त्यांना शिकवलंय. सगळे ‘हजर’ म्हणतात, ज्याच्या त्याच्या जिभेने. आज एका मुलीचा ‘हजर’ फार बारीक आला. तिला ताट वाढून मी शेजारी बसले. कुठून आलीस विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं. ती बराच वेळ बोलली.

सगळे हजर होते. दाराला कुलूप लावून मी पायरीवर बसले. जिने चढून पाय भरून येतात, हे इथे लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. फोन मांडीवर होता. वेळ झाली, तरी वाजला नाही. मी घड्याळ बघितलं, निरोपाचं तेच, सोबत आणलंय. त्याला इथली वेळ लावलीय. तिकडे अजून पाव तास बाकी आहे हे मग लक्षात आलं. तो पाव तास मी उठले नाही. यममायाबाई जेवायला हाक मारत होत्या, त्यांना म्हटलं, थांबा जरा.

मग वाजला.

“खाला,” अजीम म्हणाला, आणि पुढचं विचारायच्या आत मीच बोलले.

“हजर.”